पोपटवालीचा हात

भागवत सरांनी टपालाचं तिकीट चिमट्यानं उचललं आणि आधी उलटं करून मागचा डिंक पाहिला. मग कडेचे दाते पाहिले. मग खिडकीकडे धरून कागदाची जात पाहिली. पुढच्या बाजूला काय छापलंय तेवढं सोडून त्यांनी त्या एवढ्याशा कागदाचं सगळं पाहून घेतलं.

समोर नागसेन पेढ्यांचा पुडा हातात धरून उभा होता. आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, बसा म्हटलं तरी बसेना.

“पोरीनं बजावून सांगितलंय सर,” तो म्हणाला, “पहिलं सरांना दाखवा, मंग गावाला. जालन्याच्या मोठ्या पोस्टातनं घेतलं ते सरळ हितंच.”

“डिंक चांगलाय,” भागवत सर म्हणाले.

“सुलटं करून बघा की.”

सरांनी तिकीट सुलटं केलं, पण चष्मा कपाळावरच राहू दिला. चष्म्याशिवाय त्यांना गेरूच्या रंगाचा एक डाग तेवढा दिसला, आणि सध्या त्यांना तेवढाच बघायचा होता.

“छपाई बरी झालीय,” असं म्हणून त्यांनी तिकीट टेबलावरच्या कोऱ्या कागदावर ठेवलं.

आतून प्रभावतीबाई पदराला हात पुसत आल्या, टेबलावर वाकल्या आणि ओरडल्याच, “अगं बया! ही तं आपल्या मठातली पोपटवाली!”

ती पोपटवालीच होती. गावाबाहेरच्या मठात, सभामंडपाच्या आतल्या भिंतीवर तीनेकशे वर्षांपूर्वी कुणीतरी चित्रं काढून ठेवली होती. देव होते, घोडेस्वार होते, आणि दाराजवळ मनगटावर पोपट घेऊन उभी असलेली एक बाई होती. काढणाऱ्याचं नाव कुठं नव्हतं. गावातल्या पोरांना देवांपेक्षा ही बाईच जास्त ओळखीची. आता ती टपाल तिकिटावर गेली होती. जुन्या भित्तिचित्रांची एक मालिका टपाल खात्यानं काढली, त्यात ती होती.

खरं तर हे भागवत सरांचं स्वप्न होतं. पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेत त्यांनी सारी उमर चित्रकला शिकवली आणि तिकिटं जमवली, तीही फक्त चित्रांची. अजिंठ्याचा हत्ती, किशनगडची राधा, साखळदंडातला हत्ती, उंटावरचं जोडपं. एकेक तिकीट भिंगाखाली धरून ते वर्गाला सांगायचे, बघा, हे चित्र आता देशभर फिरतंय. आणि मनातल्या मनात म्हणायचे, एक दिवस आमची पोपटवाली. तिच्यासाठी टपाल खात्याकडे वर्षानुवर्षं विनंत्या केल्या त्या सरांनी. सुट्ट्यांमध्ये मठात बैठक मारून तिच्या नकला काढल्या त्या सरांनी, एक झाली की दुसरी. त्यातली सगळ्यात देखणी नक्कल फळीत बांधून पाठवली तर ती परत आली. नक्कल नको, मूळ चित्राचं छायाचित्र हवं, असं उत्तर होतं.

आणि छायाचित्र दिलं कुणी? तर नागसेनच्या मोनालीनं. संभाजीनगरला लग्नाचे फोटो काढते ती. सरांच्या हाताखाली शिकलेली पोरगी. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांना सरांनी स्वतः तिला भोकरदनला नेलं होतं. दोन्हीत ‘अ’ श्रेणी आली, आणि पुढं बाईसाहेबांनी ब्रश टाकून कॅमेरा धरला. सरांनी डोळे फोडून घेतले आणि हिनं एक बटण दाबलं. तिकिटाबरोबरच्या माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरात छापलं होतं, ‘छायाचित्र : मोनाली हिवराळे’. एवढं बारीक अक्षर वाचायला मात्र सरांना चष्मा लागला नाही.

“रविवारी मठात सत्कार हाय पोरीचा,” नागसेन म्हणाला. “संभाजीनगरहून मोठ्या बाई येऊन राह्यल्या, चित्रांच्या जाणकार. आन सर, तुमाला दोन शब्द बोलायचंय. मोनालीचा हट्ट हाय.”

“बघू. तब्येत बरी न्हाई माझी.”

“काय झालं तब्येतीला?” प्रभावतीबाईंनी विचारलं. “सकाळी तं दोन भाकरी खाल्ल्या.”

सरांनी पेढा तोंडात टाकला.

नागसेन गेल्यावर सरांनी दार लोटलं, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि भिंग काढलं. बघायचं ते खोट काढायलाच बघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. रंग उतरला असेल, कड हलली असेल, लग्नातला फोटो काढल्यासारखा उजेड पडला असेल. काहीतरी सापडेलच. सापडलं की बरं वाटेल, हेही त्यांना ठाऊक होतं.

रंग बरोबर होता. कड स्वच्छ होती. पोरीनं सगळी बाई घेतली नव्हती. तिनं डाव्या बाजूला कललेला चेहरा घेतला होता आणि उजवीकडे मनगट, बोटं अन् पोपट. अर्ध्याहून अधिक तिकीट हातानंच भरलं होतं.

सरांचं भिंग त्या हातावर थांबलं ते थांबलंच.

तो हात भागवत सरांचा होता. म्हणजे त्यांनी काढलेला.

नोकरीला लागल्यानंतरच्या एका पावसाळ्यात मठाची ती भिंत झिरपली आणि पोपटवालीचा कोपरापासून पुढचा हात गिलाव्यासकट खाली आला, वरचा पोपट तेवढा वाचला. तेव्हाचे थोरले स्वामी सरांना बोलावून म्हणाले होते, “मास्तर, देवाच्या दारात थोटी बाई बरी दिसत न्हाई. तिचा हात तिला देऊन टाका.” तज्ज्ञ, परवानगी, जतन असले शब्द तेव्हा गावात पोचले नव्हते. मूर्तीचा रंग गेला की रंग द्यायचा, कळस पडला की बसवायचा, तसा हा हात. मूळचा हात कसा होता ते कुणालाच नीट आठवेना, कारण इतकी वर्षं सगळ्यांनी पोपटच पाहिला होता. सरांनी मग नव्यानं लग्न होऊन आलेल्या प्रभावतीला मठात नेऊन दारात उभं केलं, तिच्या मनगटावर पोपटाच्या जागी लिंबू ठेवलं आणि हात काढला. शाळेतले भुकटीचे रंग, बाभळीचा डिंक आणि गेरू. शेजारच्या जुन्या रंगाशी जुळावं म्हणून वरून तव्याच्या काजळीचं पाणी फिरवलं. थोरले स्वामी खूश झाले, नारळ दिला, आणि विषय संपला.

पुढं इतक्या वर्षांत तो हात भिंतीचाच होऊन गेला. बाहेरगावचे पाहुणे आले की सर स्वतःच छडी लावून सांगायचे, “बघा, तीनशे वर्षांपूर्वीचं काम.” सांगताना हात वगळायचं त्यांच्याही ध्यानात राहत नसे.

“अगं,” सरांनी हाक मारली, “इकडं ये जल्दी.”

प्रभावतीबाईंनी भिंगातून एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. मग त्या खुदकन हसल्या.

“अवो, ह्यो तं माझा हात!”

“पण काढला तं मी ना!”

“पण हात तं माझाच हाय ना. लिंबू धरून धरून खांदा दुखून आल्ता माझा.” त्यांनी आपला हात उजेडात धरला, उलटासुलटा केला. भाकरी थापून बोटं जाड झाली होती, शिरा वर आल्या होत्या. “तवा बराच बरा व्हता म्हणायचा. असली दोन तिकिटं आणून द्या मला. आष्टीच्या दुर्गाबाईला पत्र टाकते. म्हणते, बघ, तुझ्या बहिणीचा हात दिल्लीला जाऊन आला.”

“कुणाला काही कळवायचं न्हाई,” सर ओरडले. “मी सांगणार. रविवारी, माईकवर.”

प्रभावतीबाईंचं हसू मावळलं.

“मंग त्या पोरीचं काय?”

“तिचं काय?”

“लोक म्हणतीन, हिनं खोटंच चित्र दिलं. बदनाम हुईल ना लेकरू.”

“मी खोटं बोलणार हाय का? जे हाय ते सांगणार.”

“खरं सांगायला आजच तोंड फुटलं का? इतकी सालं काय करून राह्यलते?”

सर चिडले आणि अंगणात गेले. त्यांना बायकोचाही हेवा वाटला. तिला तिकिटावर आपला हात दिसला आणि तेवढ्यावर तिचं पोट भरलं. नाव नाही म्हणून तिला काही टोचलं नाही. यांना मात्र त्या तिकिटावर आपलं नाव हवं होतं, निदान लोकांच्या तोंडी तरी. आयुष्यात एकदा त्यांचं काम देशभर पोचलं होतं आणि ते कुणालाही ठाऊक नव्हतं. मोनालीचं तोंड त्या वेळी कसं होईल, हे त्यांनी डोळ्यांसमोर आणून पाहिलं. बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज वाटली. पण बरं वाटायचं काही थांबलं नाही.

रविवारी ते इस्त्रीचा सदरा घालून वेळेआधीच मठात हजर झाले. तब्येतीचं कुणी विचारलं नाही.

अंगणात मांडव घातला होता. समोर पडदा टाकलेला भला मोठा फलक. मोनाली साध्या सलवार-कमीजमध्ये आली, गर्दीतून वाट काढत आधी सरांच्या पाया पडली. गळ्यात कॅमेरा तसाच. सर “असू दे, असू दे” म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत नागसेन इतका ताठ बसला होता की त्याच्याकडे बघवेना. आपल्याला मूल असतं तर आपणही असेच बसलो असतो, असं सरांच्या मनात आलं, आणि त्यांनी तो विचार झटकून टाकला. आज दुसरं काम होतं.

पडदा ओढला. फलकावर दातेरी कडेसकट तिकीटच छापलं होतं, मांडवाच्या उंचीचं. टाळ्या पडल्या. सर बसले होते तिथून मधला खांब आड येत होता; त्यांना पोपटाची शेपटी तेवढी दिसत होती.

मोनालीला बोलायचं होतं, पण तिला बोलता येईना. ती एवढंच म्हणाली, “मला चित्र बघायला भागवत सरांनी शिकवलं,” आणि खाली बसली.

बघायला! सरांच्या मनात फणकारा उठला. काढायला शिकवलं ते गेलं कुठं?

मग संभाजीनगरच्या सत्यशीलाबाई उठल्या. कलेचा इतिहास शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. त्या हळू आणि नेमकं बोलत होत्या. मराठा काळातली चित्रं, दख्खनी वळण, मातीचे रंग. मग म्हणाल्या, “चेहरा सुंदर आहेच. पण मला विचाराल तर या चित्रकाराचं मन हातात उतरलं आहे. इतर आकृत्यांचे हात ठरीव आहेत. हा हात मात्र एका जिवंत बाईचा आहे. चित्रकारानं तो कुणाच्या तरी अंगावर पाहिलेला आहे, आणि त्या बाईवर त्याचा जीव असणार. असा हात आज कुणी काढील असं मला वाटत नाही.”

बायकांच्या रांगेत प्रभावतीबाईंनी पदर तोंडाला लावला. सरांची छाती भरून आली आणि त्याच दमात आतून पेटूनही निघाली. तीनशे वर्षांपूर्वी मेलेला एक माणूस, ज्याचं नावगाव ठाऊक नाही, तो त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचं कौतुक घेऊन चालला होता. मोनालीचा हेवा या हेव्यापुढं काहीच नव्हता.

“आता ज्यांनी मोनालीताईंना घडवलं, ते आपले भागवत सर,” माईकवरून पुकारा झाला.

सर उठले. चार पायऱ्या चढून व्यासपीठावर गेले. वाक्य तयार होतं. ‘बाईंनी ज्या हाताची एवढी तारीफ केली, तो हात या हातानं काढलेला आहे,’ आणि मग उजवा हात वर करायचा. आरशासमोर त्यांनी तो करूनही पाहिला होता.

बोलण्याआधी हात कुठं आहे ते दाखवावं, म्हणून ते फलकाकडे वळले.

एवढा मोठा आणि इतक्या जवळून त्यांनी तो कधीच पाहिला नव्हता. मठाच्या अंधारात तो बरा दिसायचा, भिंगाखाली तर देखणा दिसला होता. इथं भर उन्हात, सुपाएवढ्या पंज्याचा हात होता, आणि शेजारी जुन्या माणसानं काढलेला चेहरा होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत त्याची रेघ एका दमात उतरली होती. कुठं थांबली नव्हती, कुठं चाचरली नव्हती. आणि तिच्या पलीकडे त्यांची स्वतःची रेघ. जिवंत होती, बाई म्हणाल्या ते खोटं नव्हतं. पण अंगठ्यापाशी येऊन ती अडखळली होती, पुन्हा सुरू झाली होती, पुन्हा अडखळली होती. वर काजळी फिरवली म्हणून भिंतीवर झाकलं गेलं होतं. इथं काही झाकलेलं नव्हतं.

सर बघत राहिले. मांडवात खाकरण्याचे आवाज यायला लागले.

“सर, माईक सुरू आहे,” कुणीतरी म्हणालं.

भागवत सर माईककडे वळले. तयार केलेलं वाक्य तोंडात होतं, पण वर्गात आयुष्यभर पोरांच्या वह्या बघून जे तोंडात बसलं होतं तेच आधी बाहेर आलं.

“चित्र फार मोठ्या माणसाचं आहे,” ते म्हणाले. “हात मात्र जरा कच्चा आहे.”

मांडव हसला. आधी मागची पोरं, मग खुर्च्यांवरचे. कुणीतरी म्हणालंही, “सरांचं पोट दुखून राह्यलंय!” सत्यशीलाबाई हसत हसत, पण प्रेमानं म्हणाल्या, “तीनशे वर्षांपूर्वीच्या कलावंतालाही सर पूर्ण गुण द्यायला तयार नाहीत.” त्यावर आणखी हशा. नागसेन अवघडून खाली बघत होता. प्रभावतीबाई हसल्या नाहीत. मोनालीही नाही.

सरांना वाक्य आठवत होतं. ते अजूनही म्हणता आलं असतं. ते माईकसमोरून बाजूला झाले आणि चार पायऱ्या उतरून खाली आले.

जेवणं सुरू झाली. मांडव रिकामा झाला, पंगत मठामागं बसली. तिकडून वाढप्यांच्या हाका येत होत्या. सर फलकाच्या पायथ्याशी एकटे उभे होते. मागून पावलं वाजली. मोनाली होती.

“सर, कुठं कच्चा वाटला?”

सरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. चेष्टा असती तर त्यांना सोपं गेलं असतं. तिच्या तोंडावर चेष्टा नव्हती. चित्राची वही पुढं करून उभी राहायची तशीच ती उभी होती.

“अंगठा बघ,” त्यांनी खिशातला पेन काढून फलकावर टेकवला. “तळव्यातून निघत न्हाई. वरून आणून चिकटवल्यावाणी झालाय. आता हिकडं चेहऱ्याची रेघ बघ. एका दमात. आन हितं ब्रश उचललाय, टेकवलाय, पुन्हा उचललाय.”

“तीनदा उचललाय,” मोनाली म्हणाली.

“तीनदा,” सर म्हणाले. मग पेनाचं टोपण लावत, फलकाकडेच बघत, त्यांच्या तोंडून निघून गेलं, “उजेड गेल्ता.”

मोनालीनं अंगठ्याकडे पाहिलं, मग सरांच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. गळ्यातला कॅमेरा तिनं हातानं धरून ठेवला होता. मागून नागसेननं जेवायला हाक दिली, तिनं ओ दिली नाही.

“सर,” ती म्हणाली, “आम्हाला तुमी उजेड गेल्यावर ब्रश धरू देत नव्हता. कितीबी रडलो तरी रंगाची वाटी ओतून टाकायचे.”

“तवापासनंच,” भागवत सर म्हणाले.